चौघांचे एक काम

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चित्रकलेच्या दोन परीक्षांच्या जोरावर शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि रात्री जागून थोड्या कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच माझी विद्या. तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकासाठी मी संगणकाच्या विषयावर लिहिणार आहे असे सांगितल्यावर आमच्या मंडळींनी हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहिले.

"मोबाईल अडला तर शेजारच्या पोराला हाक मारता, आणि तुम्ही संगणकावर लिहिणार?" ती म्हणाली.

तिचे खोटे नाही. पण ज्या विषयात आपण अडाणी असतो, त्याच विषयाच्या आरशात कधी कधी आपले तोंड स्वच्छ दिसते. शिक्षक म्हणून मी अठरा वर्षांपूर्वी केलेली एक चूक मला संगणक शिकणाऱ्या चार मुलांनी दाखवली. दाखवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. ती मुले आपला अभ्यास करत होती. म्हणूनच ती गोष्ट सांगावीशी वाटते.

काष्टी हे आमचे गाव श्रीगोंदा तालुक्यात आहे. जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी भीमा ओलांडून आली की थोड्याच वेळात आमचे स्टेशन लागते. परगावच्या माणसाला काष्टी ठाऊक असते ती शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी. त्या दिवशी गावात माणसांपेक्षा शिंगे जास्त दिसतात. शिवारात ऊस आहे, लिंबाच्या बागा आहेत. आणि आता अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. सकाळी स्टँडवर पाठीला पिशव्या लावलेली मुलेमुली उतरतात आणि उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत कॉलेजकडे चालू लागतात.

माझी भाची अशीच संगणकाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आमच्याकडे राहत होती. शेवटच्या वर्षी तीन-चार जणांचा गट करून वर्षभर एक प्रकल्प करावा लागतो. भाचीच्या गटात चौघे होते. एक ती स्वतः. दुसरी श्रीगोंद्याहून एस.टी.ने येणारी मुलगी, बोलण्यात फटकळ. तिसरा चष्मेवाला, वर्गात पहिला येणारा. आणि चौथा मुलगा इतका कमी बोलणारा की पहिले आठ दिवस मी त्याला कुणाला तरी सोडायला आलेला समजत होतो. आमची ओसरी मोठी आणि आमच्या मंडळींच्या हातचा चहा चांगला, म्हणून चौघांची बैठक आमच्याकडे बसू लागली. भाचीचे पाहून सगळीच मला 'मामा' म्हणू लागली.

त्यांना शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, पण कडक. त्यांनी मुलांना पहिल्याच दिवशी बजावले होते, "मनाने रचलेला विषय चालणार नाही. गावात असा माणूस शोधा, ज्याला तुमच्या कामाची खरी गरज आहे आणि काम बिघडलं तर जो तुमच्यावर रागावेल." मुलांना तसा माणूस घरातच सापडला. आमच्या शाळेचे ग्रंथालय माझ्याकडे आहे. एक खोली, पाच कपाटे आणि देवघेवीचे एक रजिस्टर, ज्याची पाठ मी दोनदा खळीने चिकटवली होती. त्या रजिस्टरच्या जागी संगणकावरची देवघेव आणायची असे ठरले.

मला वाटले होते की मुले येतील, यंत्र चालू करतील आणि टकटक करून मोकळी होतील. पण पहिला महिना त्यांनी यंत्राला हातच लावला नाही. बाईंचा तसा हुकूम होता. मुले नुसती मला प्रश्न विचारत.

"मामा, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"मला काय पाहिजे? रजिस्टर फाटलंय, ते नीट पाहिजे."

"पण नियम काय आहेत?"

मी नियम सांगितले. एका मुलाला एक पुस्तक, मुदत आठ दिवस, उशीर झाला तर रोज एक रुपया दंड. मुलांनी सुबक अक्षरात ते लिहून नेले. बाईंनी तो कागद परत पाठवला. त्यांचा निरोप असा होता की, गुरुजी सांगतात ते पुरे नाही, गुरुजी करतात काय ते बघून या.

मग तो कमी बोलणारा मुलगा तीन दिवस दुपारचा ग्रंथालयाच्या कोपऱ्यात येऊन बसला. चौथ्या दिवशी त्याने वहीतून वाचून दाखवले. मामा दंड कधीच घेत नाहीत. वस्तीवरून चालत येणाऱ्या मुलींच्या नावापुढे मामा स्वतःच पुढची तारीख टाकतात. शनिवारी बाजाराला आलेले आईबाप पोराच्या नावावर पुस्तक घेऊन जातात, म्हणून एकेका पोराच्या नावावर तीन तीन पुस्तके दिसतात. फाटलेली पुस्तके मामा नोंद न करता खालच्या कप्प्यात ठेवतात.

मी चोरी पकडल्यासारखा झालो. पण मुलगा गंभीरपणे म्हणाला, "मामा, हेच खरे नियम आहेत. यंत्राला हेच सांगायला पाहिजेत."

इथे वाचकांना थोडे मागे नेतो. यंत्राला द्यायच्या हुकमांची जी पोथी असते तिला सॉफ्टवेअर म्हणतात. ही पोथी लिहिणे हे सुरुवातीला हुशार माणसांचे एकट्याने करायचे काम समजले जाई. पण कामे वाढली, पोथ्या लाखो ओळींच्या झाल्या, त्या वेळेत पुऱ्या होईनात, झाल्या तर चालेनात. तेव्हा ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश या गावी जाणकारांची एक परिषद भरली. पूल बांधणाऱ्याला जशी शिस्त असते तशी शिस्त या कामाला लागली पाहिजे, या हेतूने परिषदेचे नावच 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' असे ठेवले होते. तिथून ते नाव जगभर रुळले. आय.बी.एम. कंपनीत अशा एका प्रचंड कामाचे प्रमुख असलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. त्यातली एक गोष्ट भाचीने मला सांगितली तेव्हा मी चकित झालो. रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते काम आणखीनच रखडते, असे ब्रूक्स म्हणतात.

आमच्याकडे याच्या उलट अनुभव. माझ्या लहानपणी रान नांगरायचे राहिले की इर्जिक घालीत. गावातली नांगर-बैलांची जोडपी एका रानात उतरत, घरधनी सगळ्यांना जेवू घाली आणि संध्याकाळपर्यंत रान काळेभोर होऊन जाई. दहा नांगर आले की काम दहापट लवकर.

"मामा, नांगराला नांगराशी बोलावं लागत नाही," भाची म्हणाली. "आमच्या कामात प्रत्येक तास दुसऱ्याच्या तासाला जाऊन भिडतं. चौघं असलो तर एकमेकांशी बोलायच्या जोड्या सहा होतात. पाच असलो तर दहा. दहा जण असलो तर पंचेचाळीस!"

मी बोटांवर मोजून पाहिले. बरोबर होते. पंचेचाळीस जोड्यांनी रोज बोलायचे तर नांगरायचे कधी?

एवढे शहाणपण ठाऊक असूनही मुलांनी जी चूक करायची ती केलीच. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी काम वाटून घेतले. पुस्तकांची नोंद भाचीकडे, वाचकांची नोंद एस.टी.वाल्या मुलीकडे, देवघेव चष्मेवाल्याकडे, आणि नाव टाकून पुस्तक शोधण्याची सोय कमी बोलणाऱ्याकडे. चार वाटे झाले तसे चौघे चार दिशांना गेले. महिनाभर ओसरी रिकामी राहिली. मुले गुण्यागोविंदाने कामे करत आहेत असे मला वाटले.

दिवाळीच्या सुटीत चारही वाटे जोडायचे ठरले. ओसरीवर चौघांची यंत्रे मांडली गेली. आत चकल्या तळल्या जात होत्या. पहिलेच पुस्तक नोंदले आणि यंत्र अडले. आमच्या रजिस्टरात कादंबरीला 'क १४२', चरित्राला 'च ३७' असे क्रमांक आहेत. भाचीने अक्षर आणि आकडा दोन्ही साठवले होते. चष्मेवाल्याने क्रमांक म्हणजे नुसता आकडा असे धरले होते. त्याच्या भागाला 'क' पाहून काही उमजेना. ते कसेबसे निस्तरले तोच दुसरे विघ्न आले. शोधाच्या चौकटीत 'कादंबऱ्या' हा शब्द टाकला तर उत्तर आले, एकही नाही! समोर कपाटभर कादंबऱ्या, त्यांतल्या काही माझ्या स्वतःच्या, आणि यंत्र म्हणते एकही नाही.

याचे कारण मोठे गमतीचे निघाले. देवनागरी अक्षरे यंत्रात कशी साठवावीत याचे भारतीय मानक १९९१ साली ठरले आणि आता जगभर युनिकोड नावाची पद्धत चालते. तिच्यात आपला 'ऱ्या' दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसऱ्या वाटेने साध्या 'र'ला एक न दिसणारी खूण जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. भाची एका वाटेने लिहीत होती, तो मुलगा दुसऱ्या वाटेने. दोघांचेही बरोबर होते, आणि एकाचे दुसऱ्याला सापडत नव्हते.

मुले एकमेकांवर खेकसू लागली. एस.टी.वाली म्हणाली, "मी माझा भाग केव्हाच पुरा केलाय. माझ्यात काही चूक नाही." तेवढ्यात आमची मंडळी चकल्यांचे ताट घेऊन बाहेर आली. ताटातल्या निम्म्या चकल्या मोडलेल्या. ती म्हणाली, "भाजणी जाऊबाईंनी मळली आणि सोऱ्या मी फिरवला. त्यांनी पीठ घट्ट ठेवलं, मला वाटलं नेहमीसारखं असेल. विचारलं असतं तर पाण्याचा हात लावला असता. खा आता तुकडे."

मुले हसली. पण त्यांना ते लागले. १९६८ सालीच मेल्विन कॉनवे नावाच्या गृहस्थांनी लिहून ठेवले आहे की, माणसांची जशी घडी असते तशीच त्यांनी घडवलेल्या वस्तूची घडी होते. जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांचे भागही एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात हा सिद्धान्त तुकड्यांच्या रूपाने हजर झाला होता.

त्यानंतर चष्मेवाल्याने जे केले, ते हुशार मुले करतात तेच होते. तो दोन रात्री जागला आणि त्याने चौघांचेही भाग नव्याने लिहून काढले. हल्ली यंत्रालाच विचारले तर तेही भराभर ओळी लिहून देते, त्याचीही मदत त्याने घेतली. तिसऱ्या दिवशी सारे चालू झाले. पुस्तके सापडू लागली, तारखा बरोबर पडू लागल्या. बाकीच्या तिघांचा जीव भांड्यात पडला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "असा एक असला की गट तरून जातो!"

सुटी संपल्यावर बाई पाहायला आल्या. ओसरीवर बसून त्यांनी सगळे नीट पाहिले, वाखाणलेही. मग त्यांनी भाचीला विचारले, "वाचकाने पुस्तक हरवलं तर इथे काय होतं?" भाचीला सांगता येईना. एस.टी.वालीला विचारले, तिलाही येईना. कमी बोलणाऱ्याने तर मान खालीच घातली. बाईंनी एक वही काढली. या मुलांचे सगळे काम अशा एका व्यवस्थेत ठेवले जाते, जिच्यात कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली याची नोंद आपोआप होते. जणू वाण्याचा रोजमेळ. ही व्यवस्था लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली आपल्या कामासाठी म्हणून रचली आणि आज ती सर्वत्र चालते. त्या रोजमेळात शेवटच्या दोन रात्रींत एकच नाव होते.

बाईंनी शांतपणे निकाल दिला. पुढचे सहा आठवडे चष्मेवाल्याने कळफलकाला हात लावायचा नाही. त्याने फक्त समजावून सांगायचे. तिघांनी आपला मूळ वाटा सोडून दुसऱ्याचा वाटा हाती घ्यायचा. एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय ते मुख्य पोथीत घ्यायचे नाही. आणि शेवटी निम्मे गुण सगळ्यांच्या कामाला, निम्मे ज्याच्या त्याच्या रोजमेळाला.

मला ते पटले नाही. मी म्हणालो, "बाई, काम तर झालंय. चांगलं झालंय. आता मोडून पुन्हा करण्यात काय हशील?"

बाई म्हणाल्या, "गुरुजी, काम झालं, पण ते एकट्याचं झालं. उद्या हा पुण्याला नोकरीला जाईल आणि तुमच्या खोलीत काही बिघडेल, तेव्हा कोण उभं राहील? आणि दुसरं म्हणजे, तिघांची नावं या कामावर लागणार आहेत. नाव लागावं आणि आत आपलं काहीच नसावं, ही शिक्षा मी त्यांना का देऊ?"

बाई निघून गेल्या. मी मात्र रात्रभर ओसरीवर बसून होतो.

अठरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेचे हस्तलिखित मी काढले होते. त्या वर्षी मला बक्षीस मिळवायचेच होते. नववीतल्या एका मुलाने बाजाराच्या दिवसावर लेख दिला होता. बापाने बैल विकला, तो नवा मालक घेऊन जाताना बैलाने मागे वळून पाहिले, असा काहीसा मजकूर होता. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ, अक्षर कोंबड्याचे पाय. मी तो लेख वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाकडे सुधारायला दिला आणि मोत्यासारखे अक्षर असलेल्या मुलीकडून लिहून घेतला. बैलाच्या जागी 'मुके जनावर' आले, बापाच्या जागी 'गरीब शेतकरी' आला. अंकाला तालुक्यात बक्षीस मिळाले. माझे कौतुक झाले. तो मुलगा दहावीला बसलाच नाही.

आता तो बाजारात टेम्पो चालवतो. जनावरे नेतो, आणतो. काही वर्षांपूर्वी भेटला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हणालो होतो, "आपल्या अंकाला बक्षीस मिळालं होतं, आठवतं ना? तुझाही लेख होता." तो हसला आणि म्हणाला, "नाव होतं गुरुजी. लेख नव्हता माझा."

मी ते तेव्हा हसण्यावारी नेले होते. त्या रात्री ते वाक्य परत आले.

पुढचे सहा आठवडे ओसरीवर मोठी कुरकुर चालली. चष्मेवाल्याला हात बांधून बसणे म्हणजे तुरुंगच वाटे. दुसऱ्याला वेळ लागताना पाहिले की त्याची बोटे वळवळत. पण समजावून सांगताना तोच अनेकदा अडखळू लागला. "हे मी असं का केलं होतं बरं?" असे तो स्वतःलाच विचारी. दोन ठिकाणी त्याच्या लिखाणातली चूक एस.टी.वालीने दाखवली. त्याने ती आधी मानली नाही, मग मानली. 'ऱ्या'चा प्रश्न भाची आणि कमी बोलणारा यांनी मिळून सोडवला. कोणत्याही वाटेने लिहिले तरी साठवताना एकच वाट करायची असे त्यांनी ठरवले आणि तो नियम चौघांसाठी कागदावर लिहून भिंतीला लावला.

शनिवारी बाजारात मी पुष्कळदा बैल घेणाऱ्यांच्या घोळक्यात उभा राहतो. जाणता शेतकरी एकटा बैल बघून भुलत नाही. घरच्या बैलाशी तो जुळेल का, चाल सारखी पडेल का, हे तो विचारतो. नुसता जोरकस बैल घेतला आणि जोडीदार मागे पडला तर तास वाकडे जाते, दोष मात्र नांगराला लागतो. बाई त्या चौघांना चालायला शिकवत होत्या. आणि मी, बाजारच्या गावचा माणूस, इतकी वर्षे एकेका बैलाची शिंगे रंगवत होतो!

मे महिन्यात परीक्षक आले. त्यांनी नेमका कमी बोलणाऱ्याला प्रश्न विचारला, आणि तोही चष्मेवाल्याच्या भागातला. तो उठला, दोनदा घसा साफ केला आणि सावकाश, पण न अडखळता बोलला. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर मला हेवा दिसेल असे वाटले होते. पण मुलगी सासरी निघाली की बापाच्या चेहऱ्यावर दिसतो तसला काही भाव होता.

चौघे आता चार गावी आहेत. जूननंतर कॉलेजची पुढची तुकडी आली आणि त्यांनी ठेवलेले कागद वाचून तेच काम पुढे चालवू लागली. मध्ये एकदा यंत्र अडले तेव्हा कुणाला फोन करावा लागला नाही.

गेल्या शनिवारी बाजार उलगल्यावर तो टेम्पोवाला ग्रंथालयात आला. मुलगी दुसरीत आहे, तिच्यासाठी गोष्टींचे पुस्तक पाहिजे म्हणाला. पूर्वीसारखे पोरीच्या नावावर मांडायला हवे होते. पण आता आमच्या यंत्रात 'घरचे वाचक' असा एक वेगळा रकाना आहे. तीन दुपारी कोपऱ्यात बसलेल्या मुलाने तो सुचवला होता. मी म्हणालो, "तूच वाचक हो ना. तुझ्या नावाने खाते काढू."

तो संकोचला. मग "बरं," म्हणाला.

सवयीने मी कळफलक पुढे ओढला आणि त्याचे नाव लिहायला बोटे उचलली. तेवढ्यात तो म्हणाला, "राहू द्या गुरुजी. मी लिहितो."

मी हात मागे घेतला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्याने आपले नाव लिहिले. बराच वेळ लागला. मी खिडकीतून बाजाराकडे बघत राहिलो.